मार्लिंगच्या पुलावरच्या ताट्या

नाताळच्या दिवशी मार्लिंगच्या चर्चला कुलूप दिसलं, तेव्हा जार्विस हॉग्बेन शिव्या देत सुटला नाही की दगड घेऊन धावला नाही. टोपी हातात घेऊन तो दारापुढे नुसता उभा राहिला. चाळिशीचा धिप्पाड गडी, पंजे फावड्याएवढे, पण कुणाला दुखवायचं त्याच्या जिवावर यायचं. चर्चची मोठी घंटा वाजवायचं काम त्याच्या बापानंतर त्याच्याकडे आलं होतं. लंडनच्या पार्लमेंटनं नाताळच बंद करून टाकला होता. सण नाही, प्रार्थना नाही, दुकानं उघडी ठेवायची आणि नांगराला सुट्टी द्यायची नाही. जार्विसनं बराच वेळ त्या कुलपाकडे पाहिलं, मग नाताळात दारावर लावतात ती हॉलीच्या झाडाची हिरवी डहाळी, बायकोनं दिलेली, त्यात खोचली आणि घरी जाऊन पुडिंग खाल्लं.

तेवढ्याशा डहाळीपायी जिल्ह्याच्या कमिटीनं त्याला उचलून नेलं. कमिटी म्हणजे पार्लमेंटनं आमच्या उरावर बसवलेले लोक. काल-परवापर्यंत ज्यांना कुणी ओसरीवर घेत नव्हतं, ते आता आम्हाला देव शिकवत होते. त्यांनी जार्विसला ओल्या तळघरात कोंडलं आणि छातीत खोकला भरल्यावर सोडून दिलं. राजाशी झालेलं युद्ध केव्हाच संपलं होतं, राजा कैदेत होता, तरी सैन्य घरी जायचं नाव घेत नव्हतं आणि बिअरवरचा करही उतरत नव्हता. त्यामुळे वसंतात जेव्हा गावोगाव अर्ज फिरू लागला, की राजाशी बोलणी करा, सैन्य मोडा, आमचं जुनं आम्हाला परत द्या, तेव्हा जार्विसनं त्यावर सहीच्या जागी आपली खूण केली. आम्हा केंट जिल्ह्याच्या माणसांना एवढंच हवं होतं. लढायचं कुणालाच नव्हतं.

इथपर्यंत कुणी त्याला बोल लावला नसता. पण त्यानं डन्स्टनलाही ओढलं.

डन्स्टन फॅग हा त्याच्या बायकोचा, मिल्ड्रेडचा, धाकटा भाऊ. आई गेल्यावर मिल्ड्रेडनंच त्याला लहानाचा मोठा केला होता. पहिल्या युद्धात तो राजाच्या बाजूनं लढला, पकडला गेला, आणि पुन्हा पार्लमेंटविरुद्ध हत्यार उचलणार नाही अशी बायबलवर शपथ घेऊन सुटून आला. तेव्हापासून तो नदीपलीकडच्या आपल्या शेतात मेंढरं राखत होता आणि मिल्ड्रेडच्या हातचं खाऊन तिचीच चेष्टा करत होता.

"दाजी, मला यात गोवू नका. मी शपथ घेतलेला माणूस," तो ब्रेडचा तुकडा मोडत म्हणाला.

"अरे बाबा, अर्ज आहे हा. अर्जाला काय तलवार लागते?" जार्विस म्हणाला.

मिल्ड्रेड चुलीपासून वळली. "आज अर्ज आहे. उद्या काय असेल ते कोण सांगणार? याला परत पकडला ना, तर सरळ गोळी घालतील. शब्द मोडणाऱ्याला माफी नाही, असं सांगूनच सोडलाय त्याला."

"अगं, सगळा जिल्हा खूण करतोय. एकटा हाच घरी बसला तर लोक कमिटीचा माणूस म्हणतील याला. आणि मी आहे ना त्याच्या शेजारी."

"बघ ताई," डन्स्टन हसत म्हणाला, "घंटा बडवणारा सेनापती मिळालाय मला. आता कसली भीती?"

त्यानं खूण केली. पार्लमेंटनं अर्ज आणायलाच बंदी घातली, आणि मग अर्ज घेऊन निघालेली माणसं माळ्यावरच्या बंदुका घेऊन कधी निघाली ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. मे महिना संपता संपता सगळा केंट उठला. डन्स्टन लढाई पाहिलेला, म्हणून त्याला मेडस्टन शहरात नेलं. जार्विसला कुणी नेलं नाही. मार्लिंगचा पूल मार्लिंगच्या माणसांनी राखायचा असं ठरलं. डन्स्टनच्या शेजारी राहायचा त्याचा शब्द तिथेच संपला.

पूल म्हणजे मेडवे नदीवरची जुनी दगडी कमान, मेडस्टनपासून चालत घटकाभर वरच्या अंगाला. जमीनदाराचा तरुण मुलगा घोड्यावरून आला, त्यानं पूल पाहिला आणि म्हणाला, "इकडे कुणी फिरकणार नाही. पार्लमेंटची फौज आली तर येईल खालच्या मोठ्या पुलांवर. तरी अडवून ठेवा. आणि आलेच, तर बंदुकीचा एक बार काढ, जार्विस. टेकडीवरचा पहारेकरी ऐकेल आणि शहरात निरोप जाईल. मग तासाभरात इथे माणसं येऊन उभी राहतील."

अडवायचा कशानं? तोफा नव्हत्या, दगड वाहून आणायला कुणाला वेळ नव्हता. जार्विसनं दोन गाड्या आडव्या घातल्या, बिअरसाठी लावतात त्या हॉपच्या वेलांचे उंच वासे त्यात तिरपे खोवले, आणि मधल्या फटींत मेंढवाड्याच्या ताट्या गच्च बांधल्या. विणलेल्या काठ्यांच्या त्या ताट्या म्हणजे आमच्याकडे घरचं भांडं. प्रत्येकाला आपली ओळखू येते. जार्विसनं दारोदार जाऊन त्या मागून आणल्या आणि प्रत्येकाला सांगितलं, "जशीच्या तशी परत मिळेल." काम चांगलं झालं होतं. घोडा त्यातून गेला नसता, आणि दहा माणसांनी शंभरांना तिथे सहज थोपवून धरलं असतं.

आणि मग मेंढरं धुवायचा दिवस आला.

कातरणीच्या आधी मेंढरं नदीत धुवावी लागतात. मळक्या लोकरीला व्यापारी हात लावत नाही. पुलाखालच्या डोहावर गावांच्या पाळ्या ठरलेल्या असतात, आणि कातरणारी टोळी त्याच क्रमानं पुढे सरकते. पाळी चुकली की वर्षभराची लोकर अंगावरच राहिली म्हणायची. मिल्ड्रेड सकाळी ब्रेड आणि चीज घेऊन पुलावर आली ती हेच सांगायला.

"आज आपली पाळी आहे. उद्यापासून डोह खालच्या गावाचा," ती म्हणाली. "निम्मी मेंढरं पलीकडे, डन्स्टनची तर सगळीच. ती काय पोहत येणार आहेत?"

"अगं, पूल अडवलाय. दिसत नाही का?"

"दिसतंय. ताट्या आपल्याच आहेत ना त्या? कोंडवाडा त्यांच्याशिवाय व्हायचा नाही. दुपारपर्यंत काढल्या तर राजाचं काय जातंय? तो बिचारा तिकडे कैदेत. त्याला कळायचंसुद्धा नाही."

पुलावरची माणसं हसली. जार्विसही हसला. त्यानं रस्त्याकडे पाहिलं. रस्ता रिकामा होता, दोन्ही बाजूंना गवत कमरेएवढं वाढलं होतं. त्यानं आपल्या ताट्या सोडल्या. त्या सुटल्यावर टॅपसेलची विधवा म्हणाली, माझ्या दोनच आहेत रे, माझ्या काय जड झाल्या? तिला तो कसा अडवणार? मग चर्चचा कारभारी म्हातारा पिल्चर आला, मग उरलेले. दुपार व्हायच्या आत सगळ्या ताट्या डोहाकाठी गेल्या होत्या आणि मेंढरं जायला वाट हवी म्हणून गाड्याही कडेला ढकलल्या होत्या. पहाऱ्याची माणसं बाह्या सरसावून पाण्यात उतरली. जार्विस तर छातीएवढ्या पाण्यात. मेंढी बगलेत धरायची, उलटी करायची, लोकर पिळायची आणि पुढच्याकडे ढकलायची. कितीतरी आठवड्यांनी त्याला बरं वाटत होतं, हेही सांगितलंच पाहिजे.

मिल्ड्रेड आपली धुतलेली मेंढरं घेऊन वरच्या कुरणाकडे गेली. जाताना ओरडली, "ताट्या परत लावायला विसरू नका हो!"

"लावतो, लावतो!"

पण मागाहून आलेली मेंढरं अजून ओली होती. ती वाळेपर्यंत कोंडवाडा मोडता येत नव्हता. संध्याकाळी लावू, असं सगळ्यांनीच म्हटलं.

फौज त्याआधी आली. आधी चार स्वार, मग धूळ, मग रस्ता दिसेनासा झाला. जार्विस पाण्यातून धडपडत वर आला आणि बंदुकीकडे धावला. बंदूक कोटाखाली कोरडी ठेवली होती. बार पेटवायची वात मात्र त्याच्या विजारीच्या खिशात होती, आणि तो अख्खा दिवस पाण्यात. त्यानं ती पिळली तर बोटांतून पाणी निघालं. पुलावर तेव्हा डन्स्टनची शेवटची मेंढरं चालली होती. पुढचा अधिकारी थांबला, हात वर करून मागच्यांनाही थांबवलं आणि अगदी सभ्यपणे म्हणाला, "जाऊ द्या त्यांना. ए मेंढपाळा, आवर तुझी मेंढरं, आम्हाला घाई आहे."

टेकडी समोरच होती. झाडीतून पळत सुटला असता तर पहारेकऱ्यापर्यंत पोचला असता, निदान हाक तरी ऐकू गेली असती. फार तर पाठीत गोळी बसली असती. जार्विसला पुढे आयुष्यभर ती झाडी दिसत राहिली. त्या वेळी मात्र त्याला हुकूम झाला होता, मेंढरं आवर, आणि त्यानं ती आवरली. ओल्या सदऱ्यानं तो कडेला उभा राहिला आणि पार्लमेंटची सगळी फौज त्याच्यासमोरून पूल ओलांडून गेली. त्याला कुणी कैदसुद्धा केलं नाही.

दिवस मावळायच्या सुमारास पाऊस लागला आणि मेडस्टनकडून तोफा ऐकू येऊ लागल्या. त्या बराच वेळ थांबल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी दोघं गाडी जोडून डन्स्टनला शोधायला निघाली. मिल्ड्रेड वाटेत एकदाच बोलली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "ताट्या परत लावल्या होत्यात ना तुम्ही? मी म्हटलं म्हणून काढल्यात, पण परत लावल्या होत्यात ना?"

जार्विसनं तिच्याकडे पाहिलं. खरं सांगितलं असतं तर ती त्या गाडीतच मोडून पडली असती.

"लावल्या होत्या," तो म्हणाला. "तू गेलीस आणि लगेच लावल्या."

तिनं डोळे मिटले आणि सुस्कारा सोडला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. हे खोटं मात्र त्याला त्या दिवशी पुण्यासारखं वाटलं.

डन्स्टन मेडस्टनच्या चर्चच्या आवारात भिंतीला टेकून मरून पडलेला सापडला. त्याच्याबरोबरचा एक जखमी कैदी म्हणाला, "शेवटी ते हत्यारं टाका म्हणाले, जीवदान देतो म्हणाले. आम्ही टाकली. त्याला म्हटलं, टाक रे. तर म्हणतो कसा, माझा शब्द एकदा वापरून झालाय, दुसऱ्यांदा कोण घेणार?"

मिल्ड्रेडनं ते ऐकलं आणि भावाच्या केसांतली माती बोटांनी काढत बसली.

आठवड्यानं कमिटीचा माणूस आणि फौजेचा कप्तान मार्लिंगमध्ये आले. सगळ्या गावाला चर्चपुढे उभं केलं. पूल अडवला होता की नाही? कुणी? जे उठले त्यांची घरं जप्त होणार, उरलेल्यांच्या घरी शिपाई राहायला येणार. मग म्हातारा पिल्चर काठी टेकत पुढे झाला.

"साहेब, अडवायला लावलं जमीनदारांनी. पण उघडला कुणी, ते विचारा की! आमच्या जार्विसनं. तुमच्या फौजेसाठी मुद्दाम उघडला."

"खरं का हे?" कप्तानानं विचारलं.

जार्विसनं सगळ्यांची तोंडं पाहिली. प्रत्येकाची ताटी प्रत्येकाच्या घरी होती आणि प्रत्येकाचे डोळे जमिनीकडे. टॅपसेलची विधवा तर हात जोडून उभी होती. आणि बायकांच्या घोळक्यात, डोक्याला काळा रुमाल बांधून, मिल्ड्रेड.

"हो," तो म्हणाला.

गाव वाचलं. घरी आल्यावर मिल्ड्रेडनं दार लावलं.

"ताट्या परत लावल्या होत्या म्हणालात. म्हणजे मागाहून तुम्हीच काढल्यात."

जार्विसनं टोपी काढून खुंटीला अडकवली.

"तो आत आहे हे माहीत असून? माझा डन्स्टन त्या शहरात आहे हे माहीत असून?"

"हो," जार्विस म्हणाला. एका दिवसात दुसऱ्यांदा.

गावात तिला खरं कुणी सांगितलं असतं? ज्यानं सांगायचं त्याला आधी स्वतःची ताटी कबूल करावी लागली असती. सगळ्यांच्या तोंडाला कुलूप बसलं ते बसलंच. मिल्ड्रेडनं नवऱ्याशी बोलणं टाकलं. जेवण समोर सरकवायची, त्याच्याकडे न बघता. गुत्त्यात लोक त्याला जागा द्यायचे, बिअर पाजायचे, आणि तो पेला भरलेलाच ठेवून उठायचा. पण मिल्ड्रेड उभी होती. रागानं तिला ताठ ठेवलं होतं. भावाचं शेत तिनं एकटीनं कापलं, दर रविवारी त्याच्या थडग्यापाशी जाऊन बसली, आणि तिथून येताना तिच्या तोंडावर थोडं तेज असायचं. जार्विस ते लांबून पाहायचा. माझा राग करून ही जगतेय ना, जगू दे. अपराध तर माझाच आहे. एवढं ओझं त्याला झेपत होतं.

शरद ऋतूपर्यंत सगळीकडे आटोपलं. हे दुसरं युद्ध राजाच्या बाजूचे का हरले, याच्या पुष्कळ गोष्टी शहाणी माणसं सांगतात. वेल्सवाले आधीच उठले आणि पडले, स्कॉटलंडची फौज उशिरा आली आणि चिखलात रुतली, आणि उत्तरेला एसेक्स जिल्ह्यात एका शहरात कोंडलेल्यांनी कुत्री-मांजरं खाल्ली आणि मग दारं उघडली. आपापल्या वेळेला आपापल्या दारात प्रत्येकजण लढला. खोटं नाही ते. पण आमच्या बाजूनं सांगायचं तर राजा आम्हाला हवा होता, मेंढरं धुऊन झाल्यावर. आणि समोरच्यांना दुसरं काहीच धुवायचं नव्हतं. त्यात ते चिडलेले. पहिल्या खेपेला हरलेल्यांना त्यांनी शत्रू म्हणून घरी पाठवलं होतं. दिलेला शब्द मोडून पुन्हा रक्त सांडायला लावणाऱ्यांना ते आता गुन्हेगार म्हणू लागले. डन्स्टनला जो न्याय होता तोच शेवटी राजालाही लागला.

राजाचं डोकं उडवल्याची बातमी कडाक्याच्या थंडीत एका फेरीवाल्यानं आणली. कुणाचा विश्वास बसेना. बायका रस्त्यात रडत होत्या. जार्विस घरी आला तेव्हा मिल्ड्रेड चुलीवर जवाची लापशी ढवळत होती. कित्येक महिन्यांनी तिनं त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"झालं तुमच्या मनासारखं? आधी माझा भाऊ, आता राजा. एका पुलात दोघांना विकलंत."

"मिल्ड्रेड, गप्प बस."

"का? काय मिळालं तुम्हाला? सांगा तरी. कमिटीनं काय दिलं? घर राखलंत ना? याच घरात बसून त्यानं जेवण केलं होतं, दाजी दाजी करत. तुम्ही म्हणाला होतात, मी आहे ना त्याच्या शेजारी. शेजारी राहून विकलात त्याला!"

हे तो सात-आठ महिने तिच्या नजरेत वाचत होता. पण कानांनी ऐकलं आणि त्याच्या आतलं काहीतरी सुटलं. विकला? त्यानं? ज्यानं तिला वाचवण्यासाठी सगळ्या गावासमोर स्वतःच्या तोंडाला काळं फासून घेतलं, त्यानं?

"मी कुणाला विकलं नाही!" तो ओरडला. "ताट्या परत लावल्याच नव्हत्या! मेंढरं ओली होती म्हणून लावल्या नव्हत्या! आणि काढल्या कुणाच्या सांगण्यावरून? दुपारपर्यंत काढल्या तर राजाचं काय जातंय, हे कोण म्हणालं होतं पुलावर उभं राहून? मी म्हणालो होतो?"

मिल्ड्रेडचा हात ढवळता ढवळता थांबला. लापशी करपल्याचा वास आला तरी ती हलली नाही. जार्विसला त्याच क्षणी ते शब्द गिळून टाकावेसे वाटले. तो पुढे झाला, "तसं नाही गं, मला तसं म्हणायचं नव्हतं," असं काहीबाही बोलू लागला. तिनं पातेलं उतरवलं आणि त्याच्यासाठी वाडगा भरला.

"बसा," ती म्हणाली. "गार होईल."

त्या दिवसापासून ती त्याच्याशी गोड बोलू लागली. खोकला आला की मध-पाणी आणून द्यायची, त्याची विजार शेकोटीशी वाळवून ठेवायची, त्याला विचारल्याशिवाय कोंबडीसुद्धा विकायची नाही. ताठ पाठ हळूहळू वाकली. शेजारणी म्हणायच्या, बघा, शेवटी नवऱ्याला माफ केलं बाईनं. जार्विसला ती एकेक गोष्ट चाबकासारखी लागायची. पूल उघडा राहिला तो त्याच्या आळसानं आणि भिडेनं, त्यात त्याला कुणाचं वाईट करायचं नव्हतं. पण हे शब्द त्यानं तिला लागावेत म्हणूनच फेकले होते, आणि ते बरोबर बसले होते.

रविवारी तो टोपी घालून दारात उभा राहिला. "चल, डन्स्टनकडे जाऊन येऊ. दोघं जाऊ."

ती भांडी पुसत होती. तिनं मान वर केली नाही.

"तुम्ही जाऊन या," ती म्हणाली. "तुमचा काय दोष? मला नाही त्याच्यापुढे जायला तोंड."